लेन्सवर कोरलेले आकडे

सगळे काही हाताने लावायच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांबद्दलचा वाद बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. एक जण म्हणतो, फिल्मच्या रंगांना तोड नाही. दुसरा म्हणतो, तेच रंग फोनवर बोट लावताच मिळतात. मग दोघेही रंगांविषयी आणि जुन्या दिवसांविषयी बोलत राहतात, आणि कॅमेरा नावाची वस्तू बाजूलाच पडते. मला त्या वस्तूबद्दल बोलायचे आहे : धातूची बॉडी, तिच्या तोंडाशी असलेली गोल चकती म्हणजे माउंट, आणि त्या चकतीवर बसणारी-निघणारी लेन्स. या कॅमेऱ्यांत जपण्याजोगे जे आहे ते फिल्ममध्ये कमी आणि लेन्स व बॉडीच्या या साध्या, यांत्रिक जोडात जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे. ते एकट्याने मांडत गेलो तर अवघड आक्षेप आपोआप गाळले जातील, म्हणून ते मामा आणि भाची अशा दोघांच्या तोंडी घालतो. दोघेही वादापुरतेच घेतले आहेत. मामाने फिल्मच्या काळात स्टुडिओ चालवला आणि डिजिटल आल्यावर ती फिल्म सुखाने सोडली. भाची फोनवर फोटो काढतच मोठी झाली आणि आता निकॉन एफएम२ वापरते. वयांची ही उलटापालट मुद्दाम केली आहे, कारण जुने कॅमेरे शोधत फिरणाऱ्यांत आज तरुण पुष्कळ दिसतात, आणि त्यांच्याविरुद्धचे सर्वांत नेमके आक्षेप फिल्मवर पोट भरलेल्या माणसांकडेच असतात. माझा कल भाचीकडे आहे, पण मामाचे काही मुद्दे तिला मान्य करावेच लागतील.

मामा : आधी हिशेबाचं बोलू. आज रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅन असा सगळा खर्च दीड हजार धरला, तर छत्तीस फ्रेमना प्रत्येकी चाळीसेक रुपये पडतात. त्यात लग्नाच्या घाईत रोलची जीभ चाकात नीट अडकली नाही तर छत्तीसच्या छत्तीस कोऱ्या, आणि ते कळणार रोल धुऊन आल्यावर. आम्ही हे सोसलं, कारण दुसरा मार्ग नव्हता. फिल्म तर सरकारनेसुद्धा करून पाहिली. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स १९६० मध्ये स्थापन झाली, ‘इंदू’ नावाने तिची फिल्म आणि कागद देशभर गेला, आणि शेवटी तो कारखाना बंदच पडला. जे सरकारला पेललं नाही ते तुमच्या हौसेवर किती दिवस चालेल? शिकणाऱ्याच्या बाजूनेही बघ. फोटो काढल्याबरोबर पडद्यावर दिसला की चूक तिथल्या तिथे कळते, लगेच दुसरा काढता येतो. आम्हाला ती चूक कळेपर्यंत अ‍ॅपर्चर काय ठेवलं होतं तेच आठवत नसे. आणि इतकं करून तुम्ही त्या निगेटिव्हचा स्कॅनच काढता ना? म्हणजे डिजिटलच झालं, फक्त लांबून वळसा घालून.

भाची : मामा, यातलं बरंचसं मला मान्य आहे. आमच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे दोन मुद्दे तर मी स्वतःच मागे घेते. पहिला मुद्दा असा की छत्तीसच फ्रेम असतात, म्हणून माणूस विचार करून फोटो काढतो. छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर लायका घेऊन फिरायचा. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुताच मागे राहिले. त्यांतलं एकही चित्र त्याने स्वतः पाहिलेलं नव्हतं. फिल्मने त्याला आवर घातला नाही, आणि ज्याला आवरतं घ्यायचं असतं तो फोनवरही घेतो. दुसरा मुद्दा फिल्मच्या खास रंगांचा. रंगीत निगेटिव्हला स्वतःचा एक ठरलेला रंग नसतोच. नारिंगी तळावरचं ते उलटं चित्र सुलटं करताना लॅबमधला माणूस किंवा स्कॅनरचा प्रोग्रॅम रंग ठरवतो. एकाच निगेटिव्हचे दोन लॅबमधून दोन रंगांचे फोटो येतात. त्यामुळे रंगांसाठी फिल्म वापरा, असं मी कुणालाच सांगणार नाही.

मामा : मग उरलं काय?

भाची : लेन्स. ३५ मिलिमीटरची जुनी, हाताने फोकस करायची निकॉर, म्हणजे निकॉनची लेन्स, घे. पुढच्या बाजूला फोकसची कडी आहे, तिच्यावर मीटर आणि फूट अशा दोन ओळींत अंतर कोरलंय. बॉडीकडच्या बाजूला अ‍ॅपर्चरची कडी आहे, ती प्रत्येक आकड्याला टक् करून थांबते. या दोन कड्यांच्या मधे एक न फिरणारी पट्टी असते आणि तिच्यावर मधल्या खुणेच्या दोन्ही अंगांना रंगीत रेघा असतात. रेघेचा रंग अ‍ॅपर्चरच्या आकड्याच्या रंगाशी जुळवायचा. आता अ‍ॅपर्चर ११ वर ठेव आणि अनंताची आडवी आठाची खूण ११ च्या एका रेघेसमोर आण. ११ च्या दुसऱ्या रेघेसमोर दोन मीटरच्या किंचित अलीकडचं अंतर येतं. म्हणजे तिथपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येणार, हे कॅमेरा डोळ्याला न लावताच कळलं. उलट ५० ची लेन्स १.८ वर उघडून दोन मीटरवरच्या चेहऱ्यावर लावली, तर मागचं-पुढचं मिळून स्पष्ट जागा जेमतेम सतरा सेंटिमीटरची. प्रकाश, अंतर आणि स्पष्टता यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते या दोन कड्या बोटांना शिकवतात. कुठल्याही पडद्यात शिरावं लागत नाही, कारण सगळं त्या धातूवरच लिहिलेलं आहे.

मामा : आकडे छान आहेत, पण ती पट्टी कोणत्या हिशेबाने कोरली ते सांगायचं राहिलं. निगेटिव्हवर साधारण ०.०३ मिलिमीटरचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटेल, असं धरून ती केलेली आहे. हातात धरून बघायच्या प्रिंटला ते ठीक. आज तोच फोटो मोठ्या पडद्यावर ताणून बघतात, तेव्हा दोन मीटरवरचा माणूसही मऊ दिसतो आणि मागचे डोंगरही. आणि हे शिकायला जुनाच कॅमेरा कशाला लागतो? डिजिटलवर मॅन्युअल मोड आहे की. तिथे सगळं हाताने लाव, लगेच फरक बघ, रोलचा पैसा वाचव. शिवाय आजचा ऑटोफोकस पळत्या मुलाच्या डोळ्यावर जाऊन बसतो. तू कडी फिरवत बसशील तोवर पोरगं अंगणाबाहेर गेलेलं असेल.

भाची : पळतं मूल, पक्षी, मैदानावरचा खेळ : तिथे मी जुनी लेन्स नेणारच नाही, तिथे ऑटोफोकस जिंकला. ठिपक्याचा आक्षेपही बरोबर, पण त्यावरचा उपाय त्याच पट्टीवर आहे. अ‍ॅपर्चर ११ ठेवायचं आणि रेघा ८ च्या किंवा ५.६ च्या धरायच्या. पट्टी कशाच्या आधारावर कोरली आहे ते माहीत असलं की ती आजही कामाची आहे. मॅन्युअल मोडचं मात्र पटत नाही. आजच्या कित्येक लेन्सवर अंतराची पट्टी नसते, अ‍ॅपर्चरची कडी नसते, आणि फोकसची जी कडी असते ती भिंगांना जोडलेलीच नसते. ती फिरवली की आतल्या मोटरला फक्त इशारा जातो. कॅमेरा बंद असला तर कडी गोल गोल फिरते आणि भिंग जागचं हलत नाही. बऱ्याच लेन्समध्ये तीच कडी हळू फिरवली तर फोकस थोडा सरकतो आणि भरकन फिरवली तर खूप. मग हाताला सवय लागायची कशाची? जुन्या लेन्समध्ये एकात एक बसलेल्या धातूच्या आट्या असतात. कडी अमुक ठिकाणी आली की तीन मीटर म्हणजे तीन मीटर, आजही आणि वीस वर्षांनीही. एफएम२च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध एक लहान गोल असतो. त्यात दाराच्या चौकटीची उभी कड दोन तुकड्यांत तुटलेली दिसते, कडी फिरवत ते तुकडे सांधायचे. अंधाऱ्या लेन्स लावल्या की त्या गोलाचा अर्धा भाग काळा पडतो, हा त्याचा दोषही सांगून टाकते. पण तुकडे जुळले की फोकस झाला हे मी डोळ्याने पाहिलेलं असतं, कॅमेऱ्याने हिरवा चौकोन दाखवला म्हणून मानलेलं नसतं.

इथे भाचीच्या म्हणण्याला मी इतिहासाची जोड देतो, कारण लेन्स बदलता येणे ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीतरी घडवावी लागली हेच लक्षात येत नाही. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायकाची लेन्स बॉडीला कायमची जोडलेली होती. १९३० मध्ये ३९ मिलिमीटरच्या आट्यांची, काढता येणारी लेन्स आली, पण सुरुवातीला प्रत्येक लेन्स त्या-त्या बॉडीशी कारखान्यात जुळवून द्यावी लागे. एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बसे, पण फोकस बरोबर येईलच असे नव्हते. १९३१ मध्ये माउंटच्या कडेपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे कायम केले गेले, आणि अशा प्रमाणित बॉडीच्या माउंटवर एक बारीक शून्य कोरले जाऊ लागले. त्या शून्यापासून लायका ही कोणत्याही प्रमाणित लेन्सची बॉडी झाली, अगदी घरातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये कोणत्याही कंपनीचा दिवा बसावा तशी. याचे फळ एकोणीस वर्षांनी दिसले. १९५० मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जपानी छायाचित्रकार जुन मिकी याच्याकडच्या ८५ मिलिमीटरच्या निकॉर लेन्सने काढलेला फोटो त्याने पाहिला, तो थेट निप्पॉन कोगाकूच्या, म्हणजे आजच्या निकॉनच्या, कारखान्यात गेला आणि त्याने आपल्या लायकांवर निकॉर लेन्स चढवल्या. जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले. तिथून त्याने पाठवलेल्या फोटोंचा नेमकेपणा अमेरिकेत नजरेत भरला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यू यॉर्क टाइम्सने या जपानी लेन्सची दखल घेतली. तोवर जपानी माल म्हणजे नक्कल, असाच समज होता. निप्पॉन कोगाकूला हा समज मोडायला संपूर्ण कॅमेरा विकावा लागला नाही. लायकाच्या माउंटने दार उघडे ठेवले होते, म्हणून एका चांगल्या लेन्सने ते काम केले.

त्यानंतरची गोष्ट ४२ मिलिमीटरच्या आट्यांची, म्हणजे ज्याला एम४२ म्हणतात त्या माउंटची. १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस आणि प्रॅक्टिका या कॅमेऱ्यांवर ते आले. १९५७ पासून जपानच्या असाही पेंटॅक्सने ते घेतले, पुढे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये बनणाऱ्या झेनिटनेही घेतले. शीतयुद्ध ऐन भरात असताना पूर्व जर्मनीतली त्साइस येना, जपानी ताकुमार आणि सोव्हिएत हेलिओस या तिन्ही लेन्स एकाच बॉडीवर आलटून पालटून बसत होत्या. हेलिओस ४४ ही तर युद्धापूर्वीच्या जर्मन बायोटार ५८ मिलिमीटरच्या आराखड्यावरूनच उतरलेली. राज्यकर्त्यांनी या तीन देशांमध्ये ज्या भिंती घातल्या, त्या एका आट्यांच्या मापाने छायाचित्रकारांपुरत्या तरी निष्प्रभ केल्या. ही मला कॅमेऱ्याच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते, आणि फिल्मच्या दाण्यावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी तिच्याकडे करावे तेवढे लक्ष दिलेले नाही.

मामा : हा इतिहास एका बाजूचा झाला. दुसरी बाजू दुकानात बसलेल्याला विचार. जुन्या झेनिटवर ३९ मिलिमीटरच्याच आट्या होत्या. ती लेन्स लायकावर विनातक्रार बसते आणि फोकस कुठेच होत नाही, कारण झेनिटमध्ये आरसा आहे आणि लेन्स फिल्मपासून कितीतरी लांब धरलेली आहे. असे फसलेले लोक अजून भेटतात. निकॉनचं माउंट १९५९ पासून तेच, हे खरं, पण १९७७ पूर्वीची लेन्स तशीच्या तशी तुझ्या एफएम२वर दाबून बसव, प्रकाशमापकाचा तो बारीक कान मोडेल. आणि १९८७? कॅननने ईएफ माउंट आणलं आणि आधीच्या एफडी लेन्सचा संच जमवलेल्या माणसाला नव्या बॉडीवर त्यातली एकही लावता येईना. कसला आलाय जोड!

भाची : तू दिलेल्या पहिल्या आणि शेवटच्या उदाहरणांत एकच आकडा लपलाय : माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर. कॅननच्या एफडीचं ते ४२ मिलिमीटर, ईएफचं ४४. दूरचं स्पष्ट दिसायला एफडी लेन्स दोन मिलिमीटर आत बसायला हवी होती, आणि तिथे तर बॉडीचा धातू. मधे जास्तीचं भिंग घातल्याशिवाय ते जमेना, म्हणून वीसेक वर्षं त्या लेन्स स्वस्तात पडून राहिल्या. मग २००८ नंतर आरसा नसलेले कॅमेरे आले. आरसा गेला तशी मधली जागा आटली : सोनीची १८ मिलिमीटर, निकॉनच्या झेडची १६, कॅननच्या स्वतःच्या आरएफची २०. बेचाळीसातून वीस वजा कर, बावीस मिलिमीटरची रिकामी धातूची नळी मधे घाल, आणि एकोणीसशे सत्तरच्या दशकातली एफडी लेन्स कॅननच्या आजच्या कॅमेऱ्यावर क्षितिजापर्यंत फोकस करते. त्या नळीत भिंग नाही, तार नाही. हे का जमलं ते बघ. फोकसच्या आट्या लेन्समध्ये होत्या, अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवर होती, म्हणजे लेन्स स्वतःपुरती पूर्ण होती. आता नंतरची, कडी नसलेली, विजेवर चालणारी लेन्स घे आणि परक्या बॉडीवर साध्या नळीने लाव. अ‍ॅपर्चर बदलता येणार नाही, आणि मोटरवाली असली तर फोकसही नाही. त्या लेन्सला तिची भाषा समजणारी चकती मधे लागते, आणि ती भाषा कंपनीच्या हातात असते. १९८७ मध्ये ग्राहक अडला तो माउंट बदलल्यामुळे. पण त्या लेन्स मेल्या नाहीत, त्या दुसऱ्या दाराची वाट बघत राहिल्या आणि दार आलं.

मामा : मग तूच वाद संपवलास. लेन्स ठेव, फिल्मची बॉडी कपाटात टाक. आजच्या कॅमेऱ्यावर ती लेन्स लावली की चित्र दहापट मोठं करून फोकस बघता येतो, फोकस झालेल्या कडांवर रंगाची रेघ उमटते. रोल नको, धुलाई नको. उलट तिथे लेन्सचे दोषच उघडे पडतात. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर, वर लेप नसेल तर, चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. आठ पृष्ठभागांत एक तृतीयांश प्रकाश वाया, आणि त्यातला काही आत घोटाळून चित्र धुरकट करतो. म्हणून तर १९३२च्या सॉनार लेन्समध्ये भिंगं एकमेकांना चिकटवून हवेला लागणारे पृष्ठभाग सहावर आणले होते. आज त्या युक्तीची गरजच नाही, लेप इतके सुधारलेत.

मामाचा हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याला अर्धवट उत्तर देऊन चालणार नाही. ज्याच्याकडे पूर्ण आकाराच्या सेन्सरचा, आरसा नसलेला कॅमेरा आधीच आहे, त्याने जुनी लेन्स त्यावर लावून शिकावे, हे मला सरळ मान्य आहे. माझे मूळ म्हणणे जोडाविषयीचे असल्यामुळे त्याला यातून धक्का बसत नाही, उलट बळच मिळते. पण फिल्मची बॉडी म्हणून निरुपयोगी ठरत नाही. स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो. तिथे ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, आणि जुन्या ३५ चा सगळा उपयोग हातचा जातो. पूर्ण आकाराचा सेन्सर हवा तर नव्या बॉडीला लाखाच्या आसपास पैसे मोजावे लागतात. कोणतीही साधी जुनी फिल्म बॉडी मात्र २४ बाय ३६ मिलिमीटरची पूर्ण चौकट देते, ज्या चौकटीसाठी ती लेन्स आखलेली होती तीच. शिवाय लायकासारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी केलेल्या रुंद कोनाच्या जुन्या लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसत. त्यांचे किरण कोपऱ्यांवर फार तिरके पडतात. फिल्मला त्याने फरक पडत नाही, पण सेन्सरवरच्या काचेच्या थराला पडतो. कोपरे मऊ होतात, कडांना जांभळट झाक येते. म्हणजे मामा ज्याला लेन्सचा दोष म्हणतो त्यातला काही भाग जोडी चुकल्याचा आहे. आणि शटरचे काय? १९८२च्या एफएम२चे शटर स्प्रिंगांवर आणि दातेरी चक्रांवर सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत जाते. दोन बटण सेल लागतात ते फक्त प्रकाशमापकाला. सेल संपले तरी शंभरच्या फिल्मवर, लख्ख उन्हात, १६ चे अ‍ॅपर्चर आणि सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग धरून काम चालू राहते.

मामा : शटर चालेल, फिल्म नसेल. तुझ्या त्या मोकळ्या जोडाची दुसरी बाजू कोडाक्रोम फिल्मला विचार. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी हिंदुस्थानचे रंग कोडाक्रोमवर टिपले, जगभरच्या मासिकांचा त्याच्यावर भरवसा होता. २००९ मध्ये ती बनायची थांबली, आणि ३० डिसेंबर २०१० ला कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या शेवटच्या लॅबने धुवायला रोल घेणं बंद केलं. त्यानंतर ज्यांच्या कपाटात काढलेले रोल राहिले त्यांना ते रंगात धुऊन देणारं जगात कुणी नाही. बॉडी धडधाकट, लेन्स धडधाकट, उपयोग शून्य.

भाची : माझ्या बाजूने याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं. कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये रंग नव्हतेच. धुताना एकामागून एक रंग चढवावे लागत, आणि ती किचकट पद्धत एकाच कंपनीच्या रसायनांवर उभी होती. साखळी एका हातात होती, तो हात मागे गेला आणि सगळं थांबलं. त्याच वेळी साधी रंगीत निगेटिव्ह टिकली, कारण तिची धुण्याची पद्धत सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवली आहे : कुणाचीही फिल्म, कुठलीही लॅब. आणि ब्लॅक अँड व्हाइट तर घरी धुता येते. अंधाऱ्या पिशवीत रोल डब्यात चढवायचा, मग डेव्हलपर, पाणी, हायपो. डेव्हलपरची सूत्रं पुस्तकांत छापलेली आहेत. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, ती नाल्यात ओतायची नाही, जमवून द्यायची, एवढी जबाबदारी मात्र घ्यावी लागते. म्हणजे वाद फिल्म विरुद्ध डिजिटल असा नाहीच, मामा. जे एकाच्या मर्जीवर चालतं आणि जे कुणालाही जोडता येतं, यांच्यातला आहे. त्या वादात कोडाक्रोम मी तुझ्या बाजूला देऊन टाकते.

मामा : बरं, आपल्या हवेचं बोल. मुंबई आणि कोकणात चार महिने कपड्यांना वास येतो, तिथे लेन्सचं काय होतं? भिंगाच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे सरकत येतात. लवकर उघडून पुसली तर ठीक, नाहीतर बुरशीचं आम्ल लेप खातं आणि डाग कायमचा बसतो. बॉडीच्या मागच्या दाराला लावलेला काळा फोम वितळून डांबरासारखा होतो, मग प्रकाश आत गळतो. पाकळ्यांवर तेल उतरलं की अ‍ॅपर्चर वेळेवर मिटत नाही. मुंबईच्या फोर्टात हे सगळं दुरुस्त करणारे हात होते, त्यांची मुलं त्या धंद्यात उतरली नाहीत. शटरचा एखादा भाग गेला तर नवा मिळत नाही, दुसरी मेलेली बॉडी फाडून काढावा लागतो. त्या मेलेल्या बॉड्या तरी किती उरल्यात?

भाची : कमीच होत जाणार, याला माझ्याकडे उत्तर नाही. फोम दीडशे-दोनशे रुपयांत बदलता येतो, बुरशीसाठी लेन्स चामडी केसमधून काढून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवता येते, तेलकट पाकळ्या उघडून धुता येतात. शटरचं खरं आहे. म्हणून मी पैसे बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त घालीन. बॉडी शेवटी अंधारी पेटी, ती गेली तर त्याच माउंटची दुसरी घेईन. ती नाही मिळाली तर नळी लावून डिजिटल. आणि हा जोड फक्त जुन्या मालात उरलाय असंही नाही. कोसिना आजही फोक्टलेंडर नावाने हाताने फिरवायच्या लेन्स करते, कोरलेल्या अंतरासकट, अ‍ॅपर्चरच्या कडीसकट. माझी मागणी मोठ्या कंपन्यांकडे एवढीच आहे की ऑटोफोकस द्या, मोटर द्या, पण वीज नसताना कडी फिरवली तर भिंग हलू दे आणि अंतर वाचता येऊ दे. तंत्राला हे अवघड नाही. १९९०च्या दशकातल्या कितीतरी ऑटोफोकस निकॉरमध्ये अ‍ॅपर्चरची कडी आणि अंतराची पट्टी दोन्ही होत्या.

मामा : ही मागणी मला मान्य आहे. बॉडीचं अजून पटलेलं नाही, पण नवख्या कुणाला घ्यायची असेल तर त्याला एवढं सांग : लेन्स आधी बघ, आणि पहिली ५० चीच घे, ३५ नंतर. मागचं झाकण काढ, अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, टॉर्च तिरकी धरून आरपार बघ : धूळ चालेल, धागे नकोत. मग बॉडीकडचा खटका दाबून सोड, पाकळ्या चटकन मिटल्या पाहिजेत. शेवटी कॅमेऱ्यावर लावून कडी अनंताला टेकेपर्यंत फिरव आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवर धर. टाकीची कड त्या गोलात जुळली नाही, तर कुणीतरी ती उघडून चुकीची बसवलेली आहे, ती घेऊ नकोस.